आधी बघा, मग ठरवा : गिरगावातल्या एका ग्रंथपालांना अनावृत पत्र

आदरणीय ग्रंथपाल महोदय,

स. न. वि. वि.

दूरदर्शनवरचे दिवंगत विनोदकार जसपाल भट्टी यांच्या पुण्यतिथीला, २५ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, आम्ही मित्रमंडळींनी आपल्या वाचनालयाच्या सभागृहात जो कार्यक्रम केला, त्याबद्दल त्याच रात्री आपले तोंडी आभार मानले होते. परंतु आपण ‘बरं, बरं’ म्हणून ते उडवून लावलेत आणि खुर्च्या आवरायला लागलात. म्हणून आता लेखी, आणि चारचौघांत, आभार मानतो आहे. आपले आणि संस्थेचे नाव छापू नये ही आपली अट पाळली आहे; गिरगावातले जे ओळखायचे ते ओळखतीलच.

आपल्याकडे येण्यापूर्वी आम्ही कोणाकोणाचे उंबरे झिजवले त्याचा सगळा पाढा वाचत नाही. एका सभागृहाच्या कार्यवाहांनी ‘राजकीय काही नाही ना?’ असे विचारले आणि ‘थोडे आहे’ हे उत्तर ऐकताच आम्हांला हवी असलेली तारीख आधीच कोणीतरी घेतलेली निघाली. दुसरीकडे, जे दाखवणार ते सगळे आधी समितीपुढे ठेवा, आणि समिती बसणार पुढच्या महिन्यात, असा निरोप मिळाला. तिसऱ्या संस्थेने अनामत घेतली आणि कार्यक्रम तोंडावर आल्यावर तिच्या सभागृहाची दुरुस्ती निघाली. यांपैकी कोणीही दुष्ट नव्हते. प्रत्येकाने चहा पाजला, ‘भट्टी मला फार आवडायचे हो’ असेही सांगितले. एका सद्गृहस्थांनी तर तोडगाही काढला : नुसती हास्यसंध्या करा, सरदारजींचे चार विनोद सांगा, हॉल लगेच देतो. ज्या पगडीधारी माणसाने दूरदर्शनवर येऊन सरदारजीला नव्हे तर साहेबाला हसायला शिकवले, त्याच्या पुण्यतिथीला सरदारजींचे विनोद! त्या दिवशी आम्ही चर्नी रोड स्थानकापर्यंत एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

ज्यांच्या लहानपणी घरात दूरदर्शनखेरीज इतरही वाहिन्या होत्या त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. भट्टी मूळचे अमृतसरचे, शिक्षणाने विद्युत अभियंता. चंदीगडच्या ‘द ट्रिब्यून’मध्ये ते व्यंगचित्रे काढत आणि ‘नॉन्सेन्स क्लब’ नावाची मंडळी जमवून रस्त्यावर विडंबने करत. दूरदर्शनवर आधी ‘उल्टा पुल्टा’चे छोटे तुकडे आणि मग १९८९ साली ‘फ्लॉप शो’ ही मालिका, तीही अवघ्या दहा भागांची. दूरदर्शन म्हणजे तेव्हा सरकारचाच वाडा. त्या वाड्यात पंगतीला बसून यजमानांना भातातले खडे काढून दाखवणारा हा पाहुणा होता. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला घरगड्यासारखे राबवणारे मार्गदर्शक, जिच्यात काहीही ठरत नाही अशी सरकारी मीटिंग, बंद पडलेल्या टेलिफोनपायी होणारी फरपट, आणि शेवटी एखाद्या सिनेगीताचे विडंबन. श्रेयनामावलीत स्वतःच्या नावापुढे ते दिग्दर्शनाऐवजी ‘मिसडायरेक्शन’ लिहीत.

मला त्यांचे सर्वांत मोठे वाटते ते हे, की लबाड माणसाची भूमिका ते बहुधा स्वतःकडेच घेत. आवाज चढवायचा नाही, डोळे मिचकावायचे नाहीत, अगदी सरळ चेहऱ्याने लबाडी करायची. वैद्यकीय बिलांवरच्या भागात मंत्रीबिंत्री कोणी नाही. कचेरीतून पैसे उकळण्यासाठी आजार शोधणारा तुमच्याआमच्यासारखा नोकरदार आहे. आमच्या वडिलांच्या पिढीतले कित्येक जण त्या भागावर हसता हसता मध्येच गप्प झालेले मी पाहिले आहेत. सरकारला शिव्या घालणारे पुष्कळ असतात, आणि त्यांना टाळ्याही मिळतात. टाळ्या वाजवणाऱ्याच्या खिशातले खोटे बिल बाहेर काढणारा विरळा.

तरी सरकारलाही त्यांनी सोडले नाही. २००९ साली चंदीगडच्या एका जत्रेत त्यांनी भाज्या, डाळी आणि तेल मांडून स्टॉल लावला आणि लोकांना सांगितले की रिंगण फेका, ज्यावर बसेल ते तुमचे. महागाईवर दोन तासांच्या भाषणाने जे होणार नाही ते एका रिंगणाने झाले. पंजाबातल्या वीजकपातीवर त्यांनी ‘पॉवर कट’ हा पंजाबी चित्रपट केला. त्याच्याच प्रचारासाठी फिरत असताना, २५ ऑक्टोबर २०१२ च्या पहाटे, जालंधर जिल्ह्यात शाहकोटजवळ मोटार अपघातात ते गेले. दुसऱ्या दिवशी चित्रपट लागायचा होता. (आम्हां मुंबईकरांना भारनियमन काय ते गावी गेल्यावरच कळते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड बिघडून मुंबईची वीज गेली, तेव्हा आपण कसे कासावीस झालो होतो ते आठवावे.) २०१३ साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मभूषण दिले. हयात असते तर त्या समारंभावरही त्यांनी एखादा भाग केला असता, अशी माझी खात्री आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो ती. कार्यक्रम सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. दोन तरुण दारात येऊन उभे राहिले. एकाच्या हातात मोबाइल उभा धरलेला, चित्रीकरण चालू. ‘हे कोणाच्या विरोधात आहे?’ असे त्याने जरा मोठ्यानेच विचारले. आमच्यापैकी जो दाराशी होता त्याला शब्द फुटेना, आणि मी मनातल्या मनात सामान आवरायलाही लागलो होतो. आपण कोपऱ्यातल्या टेबलामागून उठलात. भिंतीला टेकवलेल्या दोन लोखंडी खुर्च्या उघडल्यात, खिशातल्या रुमालाने त्यांच्या बैठका पुसल्यात आणि त्या मागे नव्हे तर दुसऱ्या रांगेच्या मधोमध नेऊन ठेवल्यात. ‘बसा. आधी बघा, मग ठरवा,’ एवढेच आपण म्हणालात. मग जाताजाता उभ्या पंख्याचे तोंड त्यांच्याकडे वळवलेत.

पंख्याचे तोंड वळवणे कोणी सांगितल्याने होत नाही, साहेब. आपण त्यांना परवानगीचा कागद दाखवू शकला असता, पोलिसांची भाषा करू शकला असता, नाही तर आमच्याकडे वळून ‘आता आवरते घ्या’ म्हणू शकला असता. यांतले काहीही केले असते तरी आपल्याला कोणी बोल लावला नसता. आपण त्यांना प्रेक्षक मानलेत, आणि मग त्यांनाही प्रेक्षकासारखे बसावे लागले. पडद्यावर ‘फ्लॉप शो’तला मीटिंगचा भाग सुरू झाल्यावर मोबाइल खाली गेला. पुढे कधीतरी त्यांतला धाकटा खो खो हसला, आणि थोरल्याने त्याच्याकडे आधी रागाने, मग नाइलाजाने पाहिले. शेवटपर्यंत थांबले दोघे. काही न बोलता गेले, पण आपापली खुर्ची मिटून भिंतीला लावून गेले.

एकनाथांच्या भारुडांत आणि तमाशाच्या वगात राजा-प्रधानांची रेवडी उडताना पिढ्यान्‌पिढ्या हसत आलेला हा मुलूख. त्या मुलखात आज चाळीस-पन्नास खुर्च्यांच्या सभागृहाला एका दिवंगत विनोदकाराची धास्ती वाटते, याला कायदा किंवा एखादा पक्ष तेवढा जबाबदार नाही. ‘उगाच कशाला’ म्हणणारी भली माणसे जास्त जबाबदार आहेत, असे आता मला वाटते. भलेपणा पुष्कळांजवळ असतो, पण तो चहापाशी थांबतो. आपला पुढे आला, खुर्च्या उचलायला. गर्दीच्या लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी सरकणारा माणूस उपकार केल्याचा आव आणत नाही, तसाच आपणही आणला नाहीत, आणि म्हणूनच आभार मानताना आम्हांला इतके अवघड होत आहे.

आपण भाडे न घेता फक्त विजेचे पैसे घेतलेत, त्यामुळे उरलेल्या रकमेची पुस्तके घेऊन पुढच्या आठवड्यात येतो. कोणती हवीत त्याची यादी मात्र आपण द्यावी. आमच्यापैकी काही जणांना सभासदही व्हायचे आहे. आणि एक विनंती : पुढील वर्षीच्या २५ ऑक्टोबरची संध्याकाळ नोंदवहीत आत्ताच आमच्या नावे लिहून ठेवावी. कार्यक्रम राजकीय असेल, आणि काय दाखवणार ते याही वेळी आधी सांगणार नाही.

आपला नम्र,
भट्टी-स्मरण संध्येचा एक आयोजक
मुंबई