दंडारीचे व्हिडिओ आणि तुझा जुना कॉम्प्युटर

ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

प्रिय मित्रा,

गावचे व्हिडिओ टॉरेंटनं, म्हणजे पाहणाऱ्यांच्याच कॉम्प्युटरांतून एकमेकांना, वाटू असं मी परवा फोनवर म्हटलं आणि तू एका दमात निकाल लावून मोकळा झालास: "टॉरेंटवर व्हिडिओ पाहायचे दिवस गेले बे, सरळ यूट्यूबवर टाक." मी तोंड उघडेस्तोवर रेंज गेली. आता धानाची कापणी आटोपली आहे, चुरण्याला, म्हणजे मळणीला, थोडा अवकाश आहे, तर सवडीनं भांडतो.

मला काय करायचं आहे ते आधी नीट ऐक. गावातल्या दंडारीचे आणि खडीगंमतीचे, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्यांचे, व्हिडिओ पोरांच्या फोनमध्ये, मेमरी कार्डांत, एकाच्या जुन्या हार्ड डिस्कवर असे विखुरलेले आहेत. सगळे मिळून २०० जीबीच्या आसपास भरतील. ते गावात पाहता आले पाहिजेत, मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्यांना पाहता आले पाहिजेत, आणि पुण्यात जाऊन बसलेल्या तुझ्यासारख्यालाही. वडशाच्या व्यावसायिक नाटक कंपन्यांची नाटकं यात नाहीत. ती तिकिटावर चालतात, दिवाळीपासून होळीपर्यंतच्या हंगामावर त्यांचं वर्ष निघतं. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या रंगभूमीचे, नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मग झाडीपट्टीच्या नटांची चालू नाटकं चोरून शूट करून फिरवायची कशी? आपल्या गावच्या हौशी माणसांचं जेवढं आहे तेवढंच घ्यायचं, आणि तेही ज्यानं सोंग घेतलं त्याला विचारून.

यूट्यूबवर टाकायला माझी ना नाही. अडचण टाकण्याची नाही, पाहण्याची आहे. हिशेब कर. साधारण बरा दिसेल असा व्हिडिओ १ एमबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिटनं, धर; आठ बिटांचा एक बाइट. तासाला ४५० एमबी झाले. रात्रभराची दंडार पाच तासांची, म्हणजे सव्वादोन जीबी. आणि गावात बहुतेकांचा पॅक रोज दीड जीबीचा. एका दिवसात एक दंडार पुरी होत नाही! बरं, चाळीस घरांनी तीच दंडार पाहिली तर टॉवरवरून ९० जीबी उतरणार. वस्तू एकच, ती चाळीसदा मुंबई-हैदराबादेहून आणायची, तीही संध्याकाळी, जेव्हा सगळा गाव फोन घेऊन बसलेला असतो.

आपल्याकडं धानाच्या प्रत्येक बांधीला, शेताच्या तुकड्याला, वेगळा पाट असतो का? वरच्या बांधीचा धुरा, म्हणजे बांध, फोडला की पाणी खालच्या बांधीत उतरतं, तिथून तिच्या खालच्या. ज्याला मिळालं त्यानं पुढं सोडायचं. टॉरेंटचं तेच आहे: फाइलीचा जो तुकडा ज्याला मिळाला तो त्यानं पुढच्याला द्यायचा. फरक एवढा की पुढं दिलं तरी आपल्याजवळचं कमी होत नाही, आणि खालच्या बांधीतून वरच्या बांधीतही चढवता येतं.

ब्रॅम कोहेननं २००१ मध्ये बिटटॉरेंट, म्हणजे टॉरेंटची ही पद्धत, काढलं त्यातली खरी अक्कल मला दोन गोष्टींत दिसते. एक, फाइलीचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा आधीच नोंदवून ठेवायचा. मग तुकडा कोणत्याही अनोळखी माणसाकडून येवो, ठसा जुळला तर ठेवायचा, नाही तर फेकायचा. देणाऱ्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही. दुसरं, जो देतो त्याला आधी मिळतं. नुसतं ओढणाऱ्याला रांगेत मागं ठेवतात. तरी मधूनमधून एखाद्या नवख्याला उगाच संधी देऊन पाहतात, कारण त्याच्याजवळ सुरुवातीला द्यायला काहीच नसतं. हे मला फार आवडलं.

पण हे सगळं आखलं होतं फाइल पुरी उतरवायला, पाहायला नाही. बिटटॉरेंट सगळ्यात दुर्मीळ तुकडा आधी मागतो, म्हणजे कोणताच तुकडा नाहीसा होऊ नये. आणि पाहणाऱ्याला हवा असतो पहिला, मग दुसरा, मग तिसरा. सगळेच पुढून खायला बसले तर सगळ्यांजवळ सुरुवातच असणार, शेवट कोणाजवळच नाही. शिवाय तू तासभर आधी पाहायला बसलास आणि मी आत्ता, तर मला तुझ्याकडून सगळं हवं आणि तुला द्यायला माझ्याजवळ काही नाही. देवाणघेवाण कसली, एकतर्फी उधारी! म्हणून स्ट्रीमिंगवाले मधला मार्ग काढतात: पुढच्या काही सेकंदांचे तुकडे क्रमानं, बाकीचे दुर्मीळ आधी. २०१४ मध्ये अर्जेंटिनातल्या पोरांनी काढलेलं पॉपकॉर्न टाइम हे सिनेमे पाहायचं सॉफ्टवेअर क्रमानं तुकडे ओढूनच एवढं सोपं झालं होतं. चोरीच्या सिनेमांमुळं ते काही महिन्यांतच गुंडाळावं लागलं, ते वेगळं. आपल्या पोरांना मी हेच सांगून राहिलो की टॉरेंटवर सिनेमा नुसता पाहिला असं होत नाही, पाहता पाहता तू तो वाटतही असतोस.

आता तुझा "दिवस गेले" हा मुद्दा. अर्धा खरा आहे. चीनमध्ये वुहानच्या विद्यापीठातून निघालेल्या पीपीलाइव्हवर एके काळी लाखो लोक असाच टीव्ही पाहायचे. बीबीसीनं २००७ मध्ये नेटवर कार्यक्रम पाहायला आयप्लेअर आणला तेव्हा डाउनलोड प्रेक्षकांच्याच कॉम्प्युटरांतून फिरायचे, पुढच्या वर्षी त्यांनी ते सोडलं. स्पॉटिफायनं २०१४ मध्ये सोडलं. सर्व्हर स्वस्त झाले, लोक फोनवर आले, मग ही झंझट कशाला? मान्य. पण स्वस्त झालं ते त्यांच्या टोकाला. आपल्या टोकाला टॉवर तोच, आणि तो एकच.

फोनमुळं खरा खेळ बिघडतो, हे तुझं मात्र शंभर टक्के बरोबर. अँड्रॉइड मागं चालणारं अॅप मारून टाकतं. दुसऱ्याला तुकडा दिला की तोही आपल्याच दीड जीबीतून कापला जातो. आणि मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागं बसवतात, त्यामुळं माझा फोन तुझ्या फोनला बहुतेकदा थेट गाठू शकत नाही. मधे इकडचं तिकडं पोचवणारा रिले सर्व्हर घ्यावा लागतो, आणि तो घेतला तर मग पीअर-टू-पीअर, म्हणजे थेट एकमेकांत, कशाला म्हणायचं? आयपीव्ही६, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, असेल तर प्रत्येक फोनला स्वतःचा पत्ता मिळतो, पण बाहेरून आलेली जोडणी मधेच अडवली जाण्याची भीती राहतेच.

म्हटलं, गावातल्या गावात एकाच वायफायवर तर हे काही आडवं येत नाही. वाचनालयात राउटर लावू, फोनाफोनांत वाटप होईल. तसं आपण ते करतच होतो. आधी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून आणायचो, मग फोनातून फोनात फाइली पाठवणारं शेअरइट आलं. २०२० च्या जूनमध्ये सरकारनं ते बंद केलं तेव्हा पोरांनी दुसरं शोधलं. पण कागदावर मांडून पाहिलं तर वायफायवर फोनाफोनांचं वाटप उलट महाग पडतं. हवा एकच आहे ना! माझ्या फोनमधून तुझ्या फोनमध्ये जाणारा तुकडा आधी राउटरपर्यंत चढतो आणि मग खाली उतरतो, म्हणजे तीच हवा दोनदा वापरली. राउटरला तारेनं जोडलेल्या डब्यातून, म्हणजे व्हिडिओ भरून ठेवलेल्या कॉम्प्युटरातून, थेट दिला तर एकदाच.

म्हणून माझं ठरलं आहे. वाटप फोनाफोनांत नको, गावागावांत हवं. आपल्या वाचनालयात एक डबा, नागभीडकडच्या गावात एक, ब्रह्मपुरीकडं एक, आणि एक पुण्यात. हे डबे एकमेकांशी टॉरेंटनं बोलतील, रात्री, नेट मोकळं असताना, सावकाश. तिथं दुर्मीळ-आधी हा नियम सोन्यासारखा चालतो, कारण डब्याला कसलीच घाई नाही. गावातला माणूस मात्र साध्या ब्राउझरमध्ये वाचनालयाच्या वायफायवर व्हिडिओ लावेल आणि तो लगेच सुरू होईल, त्याचा एक एमबी खर्च न होता. त्याला टॉरेंट हा शब्दसुद्धा कळायची गरज नाही. फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट या संस्थेचं पीअरट्यूब हे व्हिडिओ दाखवायचं सॉफ्टवेअर मी चाळलं. त्यात सर्व्हर कायम देत राहतो आणि पाहणारे ब्राउझरमधूनच आपापसांत वाटून भार हलका करतात. छान आहे, पण आपल्याला सध्या एवढं लागत नाही. तेलंगणातल्यांसाठी मग यूट्यूब आहेच, तिथं तुझं ऐकतो.

डबा म्हणजे जुना लॅपटॉपच घेणार. एका छोट्या बोर्डावरच्या कॉम्प्युटराला वीज कमी लागते हे खरं, पण लाइन गेली की तो जागच्या जागी बंद. लॅपटॉपची बॅटरी थोडी जरी उरली असली तरी झटका सांभाळते.

तुझ्या कामाची एक बारीक गोष्ट. फोनमधली एमपी४ फाइल सरळ लावली तर पुष्कळदा पुरी उतरेपर्यंत सुरूच होत नाही. कोणतं चित्र फाइलीत कुठं आहे याची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपल्यावर लिहिली जाते, म्हणून ती शेवटी बसते. ती उचलून पुढं ठेवायची असते. एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये फास्टस्टार्ट म्हणून पर्याय आहे, चित्राला हात न लावता मिनिटभरात होतं. हे टॉरेंट बनवायच्या आधी करायचं, कारण नंतर फाइलीत एक अक्षर हललं तरी ठसे बदलतात.

आता अडते कुठं ते सांगतो. ज्या व्हिडिओला गर्दी आहे तो कुठूनही मिळतो. आपल्या दंडारीला गर्दी नाही. १०-१२ वर्षांपूर्वीचं एखादं सोंग वर्षातून दोन माणसं मागतील, आणि त्या वेळी एकाही डब्यात ते पुरं नसलं किंवा नेमका डबा बंद असला तर संपलं. इथं वीज जाते, नेट जाते, पावसाळ्यात तर आठवडा आठवडा जाते. म्हणून एक तरी जागा अशी हवी जिथं सगळंच्या सगळं असेल आणि जी सहसा बंद पडणार नाही. ती तुझी खोली आहे.

तुझ्या पलंगाखाली तो जुना डेस्कटॉप पडून आहे, मागच्या वेळी मी पाहिला. तो चालू ठेवशील का? घरचं फायबर आहे, अपलोड भरपूर आहे. वापरात लागेल तेवढं तुझ्यासाठी ठेव, अपलोडला मर्यादा घाल, म्हणजे वहिनींची मीटिंग अडकणार नाही. राउटरमध्ये एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडावं लागेल. कंपनीनं तुलाही सामायिक पत्त्यामागं टाकलं असेल तर पोर्ट उघडून फायदा नाही, ते आधी तपास आणि आयपीव्ही६ चालू आहे का पाहा. वीज महिन्याला किती जाते ते मीटरवर बघून सांग, तो पैसा वाचनालयाच्या वर्गणीतून देऊ. तू नको म्हणशील हे माहीत आहे, तरी सांग.

२०० जीबी तुला नेटवरून पाठवायच्या भानगडीत मी पडत नाही. इथलं अपलोड २ एमबीपीएस धरलं तरी अखंड नऊ दिवस लागतील, आणि अखंड काहीच चालत नाही. हार्ड डिस्क पाठवतो. तू फाइली कॉपी करून टॉरेंट त्याच फोल्डरवर लाव आणि पुन्हा तपासणी कर म्हण. तो सगळे ठसे ताडून पाहील आणि काही न उतरवता थेट वाटायला लागेल. पुढचं नवं रेकॉर्डिंग थोडं थोडं आपोआप येत जाईल.

मंडईच्या जत्रेला आपल्यातला कोणी पुण्याहून येणार असेल तर परत जाताना त्याच्या हाती डिस्क देतो. नसेल तर कुरियरनं टाकतो, पत्ता पिनकोडसकट पाठव. आणि काकूंना सांग, या वर्षी नव्या तांदळाचं पोतं काढून ठेवलं आहे. तेही त्याच माणसाच्या डोक्यावर देणार आहे, म्हणून जरा धडधाकट माणूस बघ.

तुझाच,
गावचा दोस्त