फ्लॅश नको, खिडकी हवी

महोदय,

वाचकांनी पाठवलेले पाळीव कुत्र्यांचे फोटो आणि कुत्री दत्तक देण्याची आवाहने वृत्तपत्रांतून नेहमी दिसतात. त्यातले बरेचसे फोटो रात्री ट्यूबखाली फ्लॅश मारून काढलेले असतात. डोळे हिरवे चमकतात, आणि कुत्रा काळा असेल तर चेहऱ्याच्या जागी नुसता डाग उरतो. घर शोधणाऱ्या कुत्र्यावर हा अन्याय आहे. फोटो पाहणारा आधी त्याच्या डोळ्यांकडेच बघतो.

बहुतेक कुत्र्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे टॅपेटम ल्युसिडम नावाचा परावर्तक थर असतो. अंधारात बघायला त्यांना तो उपयोगी पडतो, पण फ्लॅशचा उजेडही तो आल्या वाटेने परत फेकतो. मोबाइलमध्ये फ्लॅश आणि लेन्स शेजारी-शेजारी असल्याने ही चमक टाळणे अवघड. त्यापेक्षा दिवसा खिडकीशी बसावे.

सकाळी आठ-नऊ किंवा दुपारी चारनंतरची, थेट ऊन नसलेली खिडकी उत्तम. ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा किंवा जुने मलमलचे धोतर लावावे, नाहीतर ग्रिलच्या गजांच्या सावल्या तोंडावर पट्ट्यांसारख्या उमटतात. घरातले दिवे बंद हवेत. एका बाजूने पिवळा बल्ब आणि दुसऱ्या बाजूने खिडकी असली की पांढरी फर दोन रंगांची दिसते, आणि ते नंतर सुधारणे फार जिकिरीचे होते.

कुत्र्याला खिडकीपासून तीन-चार फुटांवर, तिच्याकडे जरा तिरके तोंड करून बसवावे. खाली सतरंजी हवीच. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात आणि तो अवघडून बसतो. अंधाऱ्या बाजूला दोन फुटांवर थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा केला की सावली उजळते. जागा बरोबर जमली हे डोळ्यांवरून कळते: बुबुळावर खिडकीचा इवलासा पांढरा चौकोन उमटतो. काळ्या कुत्र्यात फरीतून डोळा वेगळा दिसतो तो या चौकोनामुळेच.

काळ्या कुत्र्याला खरा दगा कॅमेऱ्याचे मोजमाप देते. समोरचे दृश्य सरासरी राखाडी आहे असे कॅमेरा धरून चालतो. चौकट काळ्या फरीने भरली तर तो उजेड वाढवतो आणि फर धुरकट दिसते. तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, ०.७ ते १ स्टॉप कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). तोच कुत्रा पांढऱ्या भिंतीपुढे लहान दिसत असेल तर उलटे घडते, भिंत नीट येते आणि कुत्रा बुडतो. तिथे तेवढेच वाढवावे. चौकट भरणाऱ्या पांढऱ्या स्पिट्झलाही वाढवावेच लागते. मोबाइलवर डोळ्यावर बोट दाबून धरले की फोकस बहुधा तिथेच कायम राहतो, मग उजेड कमी-जास्त करायला सूर्याची खूण वर-खाली सरकवावी.

कॅमेरा असेल तर बसलेल्या कुत्र्याला शटर १/२५० सेकंद पुरते, शेपटी हलत असेल तर १/५०० हवे. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० करावा लागला तरी बिनधास्त करावा. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/४च्या आसपास ठेवावे. एफ/१.८ला, म्हणजे छिद्र जास्त उघडून, जवळून काढले तर नाक स्पष्ट आणि डोळे धूसर येतात. कारवान हाउंडसारख्या लांब तोंडाच्या कुत्र्यात हे फारच जाणवते. मोबाइल नाकाजवळ नेऊ नये, नाक भोपळ्याएवढे दिसते. दीड मीटर मागे सरून २ एक्स (दुप्पट झूम) वापरावे. आणि उभ्याने काढू नये, जमिनीवर बसून लेन्स त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणावी.

उकडलेल्या चिकनचा तुकडा लेन्सच्या अगदी वर धरावा. चुचकारणे शटर दाबायच्या क्षणासाठी राखून ठेवावे, कारण दोन-तीनदा ऐकल्यावर तो लक्ष देत नाही. झोप नसताना जांभया, सारखे ओठ चाटणे, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणे ही ताणाची लक्षणे. ती दिसली की त्या दिवसापुरते थांबावे. एरवीही दहा मिनिटे पुष्कळ झाली.

संपादकांना विनंती, की अशा फोटोंसाठी आवाहन छापताना त्याखाली एक ओळ द्यावी: फ्लॅश बंद, दिवे बंद, कुत्रा खिडकीजवळ. दत्तकासाठीच्या कुत्र्याचा चेहऱ्याच्या फोटोसोबत एका बाजूने उभा, पूर्ण अंग दिसेल असा फोटोही मागवावा, म्हणजे नेणाऱ्याला त्याच्या आकाराचा अंदाज येईल.

– एक छायाचित्रकार वाचक, ठाणे