डाव्या मनगटाची शीर राखा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी नाशिकमध्ये डायलिसिस तंत्रज्ञ आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडचे रुग्ण पहिल्यांदा आमच्याकडे येतात, तेव्हा कित्येकांच्या हाताच्या शिरा सलाईन लावून लावून आधीच बाद झालेल्या असतात. जरा अशक्तपणा वाटला की ‘डॉक्टर, एक बाटली लावाच’ असा हट्ट आपल्याकडे सर्रास होतो. त्याची किंमत पुढे किडनीच्या रुग्णाला मोजावी लागते.

दंडातून येणारी मोठी धमनी कोपराच्या खळगीत दुभंगते. एक फाटा अंगठ्याच्या बाजूने मनगटावर येतो, आपण नाडी बघतो ती हीच. दुसरा करंगळीच्या बाजूने जातो. तळहातात दोन्ही पुन्हा एकमेकींना मिळतात, म्हणून नाडीच्या धमनीतले रक्त वळवले तरी बहुतेकांच्या बोटांना रक्त कमी पडत नाही. त्याच बाजूला, अंगठ्याच्या मुळापासून कातडीलगत वर चढणारी एक निळसर शीर असते. ती या धमनीला जोडली की झाला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी रक्त बाहेर काढायची आणि परत सोडायची वाट. अमेरिकेतील ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही तिलाच पहिली पसंती असते. धमनीच्या दाबाने शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि काही आठवड्यांत ती दर डायलिसिसला दोन जाड सुया सोसू लागते. तिच्यावर बोट ठेवले की थरथर जाणवते. ती थरथर लागली की आम्हाला हायसे वाटते.

पण तीच शीर सुतळीसारखी कडक झालेली असेल तर? मग सर्जनला कोपराकडे सरकावे लागते. तेही जमले नाही तर मानेतली नळी, आणि तिच्यासोबत जंतुसंसर्गाची टांगती तलवार.

म्हणून विनंती आहे. क्रिएटिनिन (किडनीचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेले असेल किंवा मधुमेहाने किडनीवर परिणाम झालेला असेल, तर सुई टोचणाऱ्याला आधीच सांगा, ‘हाताच्या पाठीवरची शीर घ्या.’ उजव्या हाताने कामे करणाऱ्यांनी डावा हात तर कटाक्षाने जपावा. दवाखान्यांनी अशा रुग्णांच्या केसपेपरवर ‘डावा हात राखीव’ असा ठसठशीत शिक्का मारावा. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशकात आहे, त्यांनी परिचारिकांसाठी यावर कार्यशाळा घ्याव्यात. आणि आपल्या आरोग्य पुरवणीत हाताच्या शिरांची एक मोठी, स्पष्ट आकृती छापली, तर मी ती आमच्या प्रतीक्षा कक्षात लावीन.

आपला,
एक डायलिसिस तंत्रज्ञ, नाशिक रोड