सलाईन नाकारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या मेडिकल कॉलेजमध्ये रोज इतके पेशंट येतात, की गडचिरोलीतल्या भामरागडकडून फाल्सिपेरम हा गंभीर प्रकारचा मलेरिया घेऊन आलेला माझा धाकटा भाऊ तुम्हाला आठवेलच असं नाही. आम्हाला मात्र तुम्ही चांगल्याच आठवता, मुख्यतः तुमच्या नकारांमुळे.

आर्टेसुनेटची इंजेक्शनं लागू पडली, ताप उतरला, रक्तातले जंतू दिसेनासे झाले, आणि नेमका तेव्हाच त्याला श्वास पुरेना. एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसं पांढरी. जंतू गेले तर हे कशानं? 'कॉम्प्लिकेशन आहे' एवढं सांगून तुम्ही पुढच्या खाटेकडे गेला असता, तरी आम्ही काय बोलणार होतो! तुम्ही एक्स-रेच्या पाकिटावरच पेननं चित्र काढलंत.

जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात. त्यांच्यामागे न्यूट्रोफिल, मोनोसाइट अशा पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि जंतू मारण्यासाठीची रसायनं तिथेच सोडतात. उंदरांवरच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली आहे, असं तुम्ही म्हणालात: भिंतीच्या पेशी जंतूचे तुकडे उचलून आपल्याच अंगावर मिरवतात, आणि सीडी८ टी पेशी (शरीराच्या संरक्षणातल्या मारेकरी पांढऱ्या पेशी) त्यांनाच शत्रू समजून मारतात. भिंत झिरपू लागते, वायुकोशांत पाणी भरतं. जंतू मेले तरी त्यांचं काळपट रंगद्रव्य, हिमोझोइन, मागे राहतं आणि पेशींना डिवचत राहतं. आईला यातलं काही कळेना, तेव्हा तुम्ही म्हणालात, "निंदताना तणासोबत धानही उपटलं जातं ना, तसं." ते तिला लगेच पटलं.

आमचे मामा 'अशक्त झालाय, सलाईन लावा' म्हणून हटून बसले होते. भिंत झिरपत असताना जास्तीचं पाणी थेट फुफ्फुसात उतरेल, हे तुम्ही त्यांना न चिडता पुन्हा पुन्हा सांगितलंत. मामांना समजावणं हे आमच्या घरात आजवर कुणाला जमलेलं नाही!

मग कोविडची आठवण काढून कुणीतरी स्टेरॉइड मागितलं. तिथेही नकारच. मेंदूच्या मलेरियात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं फायदा झाला नाही, उलट बेशुद्धी लांबली, हे 1982 सालीच दिसलं होतं. पांढऱ्या पेशी दोषी आहेत म्हणून स्टेरॉइडनं त्यांना सरसकट दाबून टाकता येत नाही, असं तुमचं म्हणणं. खरं सांगू? त्या क्षणी काहीतरी 'द्या' असंच आम्हाला वाटत होतं. न देण्यालाही इतका अभ्यास लागतो, हे तिथे कळलं.

व्हेंटिलेटरवरचे दिवस सिस्टरांनी निभावून नेले, त्यांनाही आमचा नमस्कार सांगा. भाऊ आता जिना चढतो, थोडा थांबत.

एक विनंती आहे. ते चित्र मोठं करून, मराठीत लिहून आयसीयूच्या बाहेर लावता येईल का? पावसाळ्यात गडचिरोलीकडून येणाऱ्या नातेवाइकांना सलाईनचं कोडं तिथेच सुटेल. रंगवून द्यायला मी तयार आहे. पाकीट आम्ही जपून ठेवलंय.

आपला,
एका पेशंटचा मोठा भाऊ