सर्व्हरवर फाइल चढते का, हे कोणी तपासले? माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : वेबडॅव्ह असलेल्या सर्व्हरची लेखन-चाचणी सक्तीची करण्याबाबत

महोदय,

महाविद्यालय असो, पतसंस्था असो की साखर कारखाना, सोलापूर जिल्ह्यात वेबसाइट सांभाळतो तो बहुधा ठेकेदार. त्याच्या सोयीसाठी सर्व्हरवर वेबडॅव्ह, म्हणजे वेबसाइटवरच्या फाइल दुरून बदलू देणारी सोय, चालू केले जाते. मग संगणकावर नुसता फोल्डर दिसतो, फाइल ओढून टाकली की ती थेट वेबसाइटवर. ठेकेदार बदलतो, पण ही सोय बंद करायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. तपासणीत लॉगिन पान आणि डेटाबेस बारकाईने पाहतात. बाहेरून फाइल लिहिता येते का, हे मात्र अनेकदा पाहिलेच जात नाही.

ही चाचणी अवघड नाही. आधी सर्व्हरला ‘ऑप्शन्स’ विनंती पाठवावी, म्हणजे कोणत्या आज्ञा चालतात हे त्यालाच विचारावे. उत्तरात ‘डॅव्ह’ हेडर (उत्तराच्या माथ्यावरची नोंद) आणि पुट (फाइल चढवणे), मूव्ह (हलवणे वा नाव बदलणे), प्रॉपफाइंड (फाइलींची माहिती मागणे) ही नावे दिसली की संशयाला जागा आहे. पण या यादीवर विसंबू नये. कधी पुट यादीत असूनही प्रत्यक्षात ४०३, म्हणजे मनाईचा संकेतांक, मिळतो, आणि पुढचा प्रॉक्सी (मधला सर्व्हर) यादी लपवतो तेव्हा आतल्या अपलोड फोल्डरमध्ये लेखन खुशाल चालते. म्हणून मुख्य पानावर न थांबता प्रत्येक फोल्डरमध्ये एक निरुपद्रवी टेक्स्ट फाइल पुट करून पाहावी. उत्तरात २०१ हा संकेतांक आला म्हणजे फाइल चढली. २०४ आला तर प्रकरण अधिक गंभीर, कारण जुन्या फाइलवर नवी बसली असा त्याचा अर्थ. निविदेची पीडीएफ त्याच पत्त्यावर गुपचूप बदलायला एवढे पुरते.

पुढची पायरी : फक्त एक गुणाकार करणारी पीएचपी (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामची भाषा) फाइल चढवून ब्राउझरमध्ये उघडावी. कोड दिसला तर ती चालत नाही, उत्तर दिसले तर सर्व्हर परक्याच्या आज्ञेत आहे. पीएचपी अडवली गेली तरी निश्चिंत होऊ नये. तीच फाइल टेक्स्ट म्हणून चढवून ‘मूव्ह’ने तिचे नाव बदलून पाहावे. गाळणी पुटवर बसवलेली असते, मूव्हवर बसवायची राहून जाते. डॅव्हटेस्ट हे साधन यातले बरेचसे आपोआप करते, कडॅव्हर या साधनाने हाताने करता येते. शेवटी चढवलेली प्रत्येक फाइल काढावी आणि फाइलींवर घेतलेले लॉक (इतरांना बदल करू न देणारी कुलपे) सोडावेत. नाहीतर दुसऱ्या दिवशी ऑपरेटरला ४२३, म्हणजे ‘फाइल कुलूपबंद’, दिसत राहतो आणि खापर चाचणीवर फुटते. बॅकअप आधी घ्यावा, आणि आषाढीच्या तोंडावर पंढरपूरच्या यात्रेशी संबंधित सर्व्हरना हात लावू नये.

जुन्या यंत्रांचे वेगळेच दुखणे. विंडोज सर्व्हर २००३चा आधार जुलै २०१५ मध्ये संपला. २०१७ मध्ये त्याच्या आयआयएस ६ या वेब सर्व्हर प्रणालीतील वेबडॅव्हची अशी त्रुटी उघड झाली की, एका प्रॉपफाइंड विनंतीतून बाहेरचा माणूस सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकतो. असे यंत्र दुरुस्त करत बसू नये, काढूनच टाकावे.

बाकीच्यांसाठी उपाय स्वस्त आहेत. गरज नसेल तर वेबडॅव्ह बंद करून एसएफटीपी (फाइल सुरक्षितपणे पाठवण्याची पद्धत) वापरावे. गरज असेल तर ते व्हीपीएनच्या (खासगी, बंदिस्त जोडणीच्या) आत, वेगळ्या पत्त्यावर, एचटीटीपीएसवरच ठेवावे, कारण लॉगिनच्या ‘बेसिक’ पद्धतीत पासवर्ड नुसता बेस ६४ या साध्या, गुप्त नसलेल्या लिपीत जातो आणि तो कोणीही उलगडू शकतो. अपलोड फोल्डरमध्ये पीएचपी चालणे बंद करावे, तेही वेबसाइटच्या आणि वेबडॅव्हच्या अशा दोन्ही पत्त्यांवर. एकाच पत्त्यावर केले की पळवाट उरते.

आमची मागणी दोन गोष्टींची. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतील तपासनीसाच्या अहवालात वरील चाचणीचा फोल्डरनिहाय निकाल जोडल्याशिवाय राज्य निधीतून चालणाऱ्या संस्थेचे बिल मंजूर करू नये. दुसरे, परवानगीचे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मुळे मालकाच्या परवानगीविना फाइल चढवून पाहणारा प्रामाणिक विद्यार्थीही अडकतो. म्हणून उघडे दार दिसले तरी कळवायला मुले कचरतात. सर्व्हरचा पत्ता, तारीख, वेळ, परवानगी असलेल्या कृती आणि संपर्काचा माणूस एवढेच असलेला परवानगीपत्राचा एक नमुना शासनाने काढावा.

आपले,
सोलापुरातील सर्व्हर सांभाळणारे व सुरक्षा चाचणी करणारे

सोबत : परवानगीपत्राचा एक पानी मसुदा