वनमंत्र्यांना खुले पत्र: काकणीचं घरटं गुप्त ठेवलंत, राखलं मात्र नाहीत

माननीय वनमंत्री महोदय,

सविनय नमस्कार. आपल्यामागे कामांचा व्याप मोठा आहे हे जाणून लिहिते आहे.

गेल्या शनिवारी, कार्यालयांना सुट्टी असताना, आमच्या वाडीसमोरचं सुरूचं जुनं झाड पाडलं. त्यावर काकणीचं घरटं होतं. काकण म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड, हे आपल्याला मी सांगायला नको. पाऊस सरला की जोडी परत यायची आणि त्याच घरट्यावर नव्या काटक्यांची भर घालायची. 2021 साली तौक्ते वादळात आमच्या पडवीची कौलं उडाली, पण ते झाड हललं नाही. यंदा घरट्यात दोन पिल्लं होती. एक मेलेलं सापडलं. दुसरं सापडलंच नाही, कुत्र्यांनी ओढून नेलं असणार.

"गे बाये, काकणीचा झाड पाडल्यानी!" म्हणत शेजारीण धावत आली. मी पोचेपर्यंत कटरने खोडाचे तुकडे करणं चाललं होतं. वर दोन्ही पक्षी घिरट्या घालत ओरडत होते आणि मुकादम मला म्हणत होता, "मावशी, बाजूला व्हा, लागंल."

झाड का पाडलं? पर्यटकांच्या गाड्या लावायला. तिथे पेव्हर ब्लॉक बसणार, बाकडी येणार, कमान उभी राहणार. कमानीचा फलक तर आधीच छापून आलाय, 'समुद्रगरुडाच्या गावात आपले स्वागत'. त्यावरच्या गरुडाचं अंग गडद तपकिरी आणि चोच पिवळीधमक. अमेरिकेचा गरुड आहे तो, साहेब! आमच्या काकणीची चोच करडी असते आणि पोट दुधासारखं पांढरं. या सुशोभीकरणाला पंचवीस लाख लागले म्हणे, कोणी चाळीस सांगतं. फलकावर खर्चाचा रकाना कोरा आहे.

गेल्या वर्षी याच झाडाखाली एक साहेब येऊन उभे राहिले होते. त्यांचं नाव आणि कार्यालय लिहीत नाही, नाहीतर 'योग्य त्या मार्गाने या' म्हणून पत्र परत यायचं. झाडाखाली नेहमी माशांचे काटे आणि समुद्रसापांचे सांगाडे पडलेले असत, त्यामुळे साहेबांनी नाकाला रुमाल धरला होता. पण बोलले गोड. झाडाला क्रमांक घालू, आजूबाजूला तोड होऊ देणार नाही, समोरच्या टेंबावर, म्हणजे टेकाडावर, दुर्बीण लावून लोकांना लांबून बघायची सोय करू, गावातल्या पोरांना राखणीचं मानधन देऊ. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी खानावळ चालवते. पाहुण्यांना अंगणातूनच घरटं दाखवता यावं म्हणून बचत गटाचं कर्ज काढून दुर्बीण घेतली होती. पुढे तोंडी निरोप आला की घरट्याची जागा संवेदनशील आहे, कोणाला दाखवू नका, बोलू नका. मी ऐकलं. दुर्बीण कपाटात गेली, तिचे हप्ते चालू राहिले.

आणि आता सांगतात की तोडीची परवानगी देणाऱ्याला तिथे घरटं आहे हे माहीतच नव्हतं! किती चोख गुप्तता पाळलीत! कागदावर कारण आहे 'धोकादायक झाड'. धोका नक्की कोणाला होता?

स्कॉटलंडमध्ये ऑस्प्रे नावाचा मासेखाऊ शिकारी पक्षी आहे. थंडीत आपल्या खाड्यांवरही तो येतो. तिथे त्याची वीण बंद पडली होती. 1954 साली एक जोडी लॉक गार्टन तळ्याजवळ परतली. आधी चोरून राखण केली, तरी 1958 मध्ये रात्री अंडीचोराने घरटं लुटलं. मग जॉर्ज वॉटर्स्टन नावाच्या गृहस्थाने उलटंच केलं. 1959 मध्ये लांबवर लपणगृह बांधून त्याने लोकांनाच बोलावलं, आणि त्या एका हंगामात चौदा हजार माणसं आली. इतक्या डोळ्यांसमोर झाडाला हात लावायची कोणाची छाती होईल? एवढं लांब जायचं नसेल तर आपल्या वेळासला जा. पूर्वी तिथे कासवांची अंडी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने 2002 पासून गावाला हाताशी धरलं. आता पिल्लं समुद्राकडे निघतात ती बघायला लोक मुंबई-पुण्याहून येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, आणि गावच राखण करतं. आम्ही यापेक्षा वेगळं काय मागितलं होतं?

भाचा वकिली शिकतो, त्याच्याकडून 1972 चा वन्यजीव कायदा वाचून घेतला. पक्ष्याच्या घरट्याला उपद्रव देणं हीसुद्धा त्यात शिकारच. समुद्रगरुड पहिल्या अनुसूचीत, म्हणजे शिक्षा किमान तीन वर्षं. कोणाला झाली हो आजवर? शिवाय कलम 39 सांगतं की मेलेला सापडलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता. मग बरोबरच झालं. पिल्लू जिवंत होतं तेव्हा ते कोणाचंच नव्हतं, मेल्यावर मात्र ते घ्यायला माणूस मोटारसायकलवर आला. मी वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. पोच मागितली, तर म्हणाला, "त्याचा फॉर्म नाही."

तेव्हापासून माझा रक्तदाब खाली येत नाही. डॉक्टर म्हणतात, डोक्याला ताप करून घेऊ नका. घरचे म्हणतात, पक्ष्यापायी खानावळीकडे दुर्लक्ष झालं. गावातले निम्मे माझ्याशी बोलत नाहीत, कारण पार्किंग झालं की गिऱ्हाईक वाढणार आणि मी आडवी येते. ऑनलाइन तक्रार केली, दुसऱ्या दिवशी 'निकाली' असा संदेश आला. काय निकाली निघालं ते तेवढं कळवा.

मुंबई-गोवा महामार्गाचं काम 2011 पासून चाललंय, एक तप उलटून गेलं. तिथे तुम्हा सगळ्यांना मंजुऱ्या, भूसंपादन, न्यायालय, पाऊस, सगळं आडवं येतं. झाड पाडायचं म्हटलं की परवानगी, कटर, मजूर, ट्रक एका सुट्टीच्या दिवशी हजर! ही तत्परता कुठून येते हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि पुढच्या जूनमध्ये तुम्हीच याच किनाऱ्यावर रोप हातात धरून फोटोला उभे राहणार.

परवानगी कोणी दिली, जागा पाहायला कोण आलं होतं, ते कागद गावासमोर ठेवा. गुन्हा नोंदवा. किनाऱ्यावरच्या उरलेल्या घरट्यांची झाडं त्या-त्या गावच्या माणसांच्या देखत नोंदवून घ्या आणि लांबून बघायच्या जागा करा. आमच्या टेंबावर सुरुवात करायची असेल तर दुर्बीण माझी घ्या, हप्ते मी भरते. आणि तो अमेरिकेचा गरुड उतरवा.

बुंधा अजून जागेवर आहे, घरट्याच्या काटक्याही पडलेल्या आहेत. सोमवारी जेसीबी येणार असं कळतं. पंचनामा करायचा असेल तर त्याआधी माणूस पाठवा, फॉर्म घेऊन.

आपली,
किनाऱ्यावरची एक खानावळवाली