डावीकडची सात माणसं

चिपळूण, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

स.न.वि.वि. वगैरे. आठ महिने पत्र नाही, फोन नाही, तेव्हा आधी मनसोक्त शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, माझं बीपी गोळीवर. तब्येतीचं संपलं.

१८-२०० मिमीची झूम लेन्स घेतली. सेकंडहँड. हो, तीच, जिला तू ‘बारा घरची पाहुणी’ म्हणायचास. दुकानदार शनिवारपर्यंत परत घ्यायला तयार आहे. आणि लेन्सच्या नशिबी पहिलंच काम आलं ते छोटीच्या लग्नाचं. घरात सगळे म्हणतात फोटो झकास. कुणाला काही दिसत नाही. तुला दिसेल, म्हणून तुला लिहितोय. ग्रुप फोटोत डावीकडची सात माणसं मऊ आहेत.

उजव्या टोकाला आत्याच्या नथीचे मोती मोजता येतात. डाव्या टोकाला बापूकाकांचा फेटा म्हणजे नुसता भगवा गोळा, घडी म्हणून दिसत नाही. झूम ३५ मिमीवर, लेन्सचं छिद्र एफ/५, शटर १/१६० सेकंद, आयएसओ ८००, ट्रायपॉडवर, अंतर पंचवीसेक फूट. तू विचारायच्या आधीच सांगतो, १८ वर, म्हणजे सगळ्यात रुंद टोकाला, का नाही काढला ते. १८ ला कडेची माणसं आडवी ताणली जातात आणि संगणकावर लेन्सचं प्रोफाइल, म्हणजे तिच्या दोषांची तयार दुरुस्ती, लावून ते जात नाही, उलट फुगवटा काढला की कडा आणखी ताणल्या जातात. गेल्या खेपेला आत्या ‘मी एवढी रुंद झाले का रे?’ म्हणाली होती, ते तुझ्या लक्षात असेलच. म्हणून मागे सरून ३५.

हात हलला असता तर माळेतला प्रत्येक दिवा एकाच दिशेला ओढल्यासारखा दिसला असता, आणि तोही सगळ्या फ्रेमभर. तसं नाही. फोकस चुकला असता तर सगळी रांगच गेली असती. इथे मधली आणि उजवी माणसं खणखणीत आहेत. डावीकडे मात्र माणसं मऊ आणि त्यांच्याच मागचा पडदा धारदार. विणीचे धागे दिसतात! म्हणजे फोकसचं प्रतल डावीकडे मागे कललंय, दार अर्धवट लोटावं तसं.

आता तू म्हणशील, ‘कॅमेरा तिरका लावला असशील, लेन्सला कशाला दोष?’ तुझं हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. तेव्हा भिंत गाठली. आपल्याकडे विटांची भिंत मिळणं किती कठीण ते तुला माहीत आहे, जिकडे तिकडे जांभ्याचा चिरा. चिरा चालत नाही, अंगभर भोकं आणि कडा झडलेल्या, सरळ रेघ सापडत नाही. शेवटी गिलावा न केलेली एक भिंत मिळाली, तिच्या चारी कोपऱ्यांत आणि मधे जुन्या वर्तमानपत्राची छोट्या जाहिरातींची पानं चिकटवली. बारीक टाइप सगळं सांगून टाकतो. कॅमेऱ्यासमोर भिंतीला छोटा आरसा सपाट चिकटवायचा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा हलवायचा. ते आलं की सेन्सर भिंतीला समांतर. डोळ्याच्या अंदाजावर हे जमत नाही, आणि एवढंसं तिरकं असलं तरी पुढची सगळी मेहनत वाया.

बाकी नेहमीचंच. स्टॅबिलायझेशन बंद, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल. फोकस लाइव्ह व्ह्यू मोठं करून हाताने, मध्यावर. प्रत्येक सेटिंगला फोकस नव्याने तीनदा करायचा आणि तिन्हींतला सगळ्यात चांगला धरायचा, नाहीतर आपल्याच हाताची चूक लेन्सच्या नावावर जाते. १८, २४, ३५, ५०, १००, १३५, २००. आणि प्रत्येकावर छिद्र आधी पूर्ण उघडं, मग बारीक करत ५.६, ८, ११, १६. भिंतीपासूनचं अंतर दर वेळी बदलावं लागतं. १८ ला दोन मीटरवरून अडीच मीटर भिंत फ्रेममध्ये येते, २०० ला दहा मीटर मागे गेलो तरी जेमतेम सव्वा मीटर. एक म्हैस मधे येऊन उभी राहिली, तिचेही २०० वरचे कान तपासून घेतले.

निकाल असा. १८ ला डावी बाजू किंचित नरम. ३५ ला सगळ्यात वाईट. ५० ला कमी. १०० च्या पुढे दोन्ही बाजू सारख्या. २०० ला एफ/५.६ वर सगळंच थोडं दुधाळ, एफ/८ ला छान. ३५ ला एफ/८ वर डावी बाजू अर्धी सावरते आणि एफ/११ ला फरक शोधावा लागतो. एफ/१६ ला डिफ्रॅक्शन (बारीक छिद्रातून प्रकाश पसरणं) सुरू झालेलं असतं, तिथे डावं-उजवं सारखंच वाईट, पूर्ण समता.

मग खरी परीक्षा. ट्रायपॉडची मधली दांडी उलटी घालून कॅमेरा उलटा टांगला, आरसा पुन्हा जुळवला, फाइल न फिरवता तशीच बघितली. भिंतीचा किंवा मांडणीचा दोष असता तर मऊ बाजू उजवीकडे गेली असती. ती डावीकडेच राहिली. आणि तरी तुझा विश्वास बसणार नाही म्हणून दूरचंही केलं. टेकडीवरचा मोबाइल टॉवर आधी मध्यावर ठेवून फोकस केला, रिंगला हात न लावता तोच टॉवर एकेक करून चारी कोपऱ्यांत नेला. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ती लेन्सची जात, तिला इलाज नाही. एकच बाजू मऊ असेल तर आतलं भिंग कललंय. माझे डावीकडचे वरचा आणि खालचा असे दोन्ही कोपरे गेलेत. फोकस कोपऱ्यावर करून बघितला तर कोपरा सुधारतो आणि मधलं बिघडतं. म्हणजे तिरपेपणाच. भिंग नुसतं बाजूला सरकलेलं असतं तर फोकस कुठेही नेला तरी तो कोपरा सुधारला नसता, आणि दिव्यांना शेपट्या फुटल्या असत्या.

कारण तुला पाठ आहे. अशा लेन्समध्ये एकात एक सरकणाऱ्या नळ्या, त्यांत पंधरा-सोळा भिंगं, आणि सगळा भार खाचांतून फिरणाऱ्या इवल्याशा रोलरवर. एक आपटली की कुठला तरी गट केसभर तिरका. २०० ला पूर्ण लांबवून पुढची नळी चिमटीत धरून हलवली तर थोडी डुगडुगते, तेवढी नवीनही डुगडुगते. त्यावरून काही ठरवू नये. ठरवायचं असं की झूम दहा वेळा मागेपुढे करायचा आणि ३५ चा फोटो पुन्हा काढायचा. निकाल दर वेळी बदलला तर रोलर झिजलेत. माझा दर वेळी तोच. म्हणजे झीज नाही, आधीच्या मालकाने कधीतरी पाडलीय आणि ब्र काढला नाही.

बुरशी नाही. मागून टॉर्च मारून तिरकं बघितलं, धूळ आहे, जाळं नाही. आपल्या हवेत हेच आश्चर्य. धुळीने फोटोला काही होत नाही, उगाच उघडायला देऊ नकोस असं तूच सांगत आलायस.

आता आपलं जुनं भांडण. तू १९५९ च्या व्हॉग्टलँडर झूमर लेन्सपासून सुरुवात करायचास, ३६-८२, एफ/२.८, आणि तिथून खाली प्रत्येक झूमला शिव्या. टॅमरॉनने २०१७ ला १८-४०० काढली तेव्हा तुझं म्हणणं होतं की बावीस पटीचा झूम म्हणजे हातगाडीवर चायनीज, डोसा आणि पावभाजी एकत्र. मान्य. पण भिंतीपुढे उभी केल्यावर लक्षात आलं की झूमच्या नावावर जे दोष आपण खपवतो त्यातले निम्मे संगणकावर पाच मिनिटांत जातात. मला अडलंय ते झूमचं पाप नाही, या एका नगाचं आहे. तुझी ५० ची बिनझूम लेन्स पडली असती तर तिचंही हेच झालं असतं. (पडली होती. महाबळेश्वर. मी कुणाला सांगितलेलं नाही.)

पाच मिनिटांत जाणाऱ्यांत पहिली वाकलेली रेघ. १८ ला मंडपाचे खांब ढोलासारखे फुगतात, ३५ च्या पुढे आत खेचले जातात. १८ चा फुगवटा साधा नसतो. मधे फुगतो आणि टोकाला परत उलट वळतो, आपल्या हेडमास्तरांच्या मिशीसारखा. एका स्लायडरने मिशी सरळ होत नाही, लेन्सचं प्रोफाइलच लागतं. डार्कटेबल या फोटो सॉफ्टवेअरमध्ये ते लेन्सफन नावाच्या लेन्सच्या यादीतून आपोआप येतं, पण फाइलमध्ये एक्झिफ, म्हणजे कॅमेरा-लेन्सची नोंद, असेल तरच. धाकट्याने निम्मे फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवले, माहिती पुसलेली आणि आकार आटलेला. डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हणून कितीदा सांगायचं! आणि जेपीईजीवर प्रोफाइल लावताना जप. कॅमेऱ्याने एकदा सरळ केलेलं असू शकतं, मग आपण परत केलं की खांब उलटे वाकतात.

कोपऱ्यातली लाल-निळी किनार एक चौकट टिक केली की जाते, मात्र क्रॉप करायच्या आणि फिरवायच्या आधी, कारण ती फ्रेमच्या मध्यापासून बाहेर पसरलेली असते आणि मध्य हलला की हिशोब चुकतो. मुंडावळ्यांच्या मोत्यांभोवतीची जांभळी किनार निराळी, ती मध्यावरही येते. ती पुसणारं डीफ्रिंज ओढलं तर मोती पांढरेशुभ्र झाले आणि छोटीच्या पैठणीचे जांभळे काठ राखेच्या रंगाचे! अर्धा तास लक्षातच आलं नाही. आता फक्त मोत्यांवर ब्रश फिरवतो. काळवंडलेले कोपरे पूर्ण उजळायचे नाहीत, आयएसओ ३२०० ला तिथे वाळू सांडल्यासारखा नॉइज येतो, निम्म्यावर थांबायचं. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, लाइटरूममध्ये ऑल्ट दाबून मास्किंग बघत, गालावर नाही, फक्त कडांवर.

पण डावी बाजू यातल्या कशाने येत नाही. पूर्ण फोटोला एकच धार लावली की उजवीकडची आत्या तारेची होते. फक्त डावीकडे ग्रेडियंट टाकून वाढवली तर फेट्याला पांढरी रेघ येते, घडी येत नाही. जी माहिती सेन्सरवर पोहोचलीच नाही ती कुठून आणणार?

साधा १२ बाय ८ छापायचा असता तर मी गप्प बसलो असतो. ६००० पिक्सेलचे ३६०० केले की मऊपणा बराच आत मरतो. पण अल्बम करिझ्मा, म्हणजे पानांवरच फोटो छापलेला पुस्तकासारखा, आहे, आणि छोटीच्या सासऱ्यांना हा फोटो १२ बाय ३६ च्या दुपानी हवाय. छत्तीस इंचांत ६००० पिक्सेल, म्हणजे इंचाला १६६. पूर्ण रुंदी लागते, डावीकडून सूतभरही कापता येत नाही. बापूकाका अल्बम नाकाला लावून बघतात.

एक वाट सापडलीय, आणि तिथेच गाडी अडलीय. डीएससी ०४१२ (तोच ग्रुप फोटो) नंतर मामी उशिरा आल्या म्हणून ट्रायपॉड जागचा न हलवता कॅमेरा डावीकडे वळवून ०४१८ काढला होता. त्यात ती सातही माणसं फ्रेमच्या मधे, कातलेली धार. जागा तीच असल्यामुळे दोन्ही फायली आधी प्रोफाइलने सरळ करून, कॅमेरा वळवल्याचा तिरकेपणा जुळवून एकावर एक ठेवल्या की बरोबर बसतात, शिवण फेट्यांच्या आणि पदरांच्या कडेने नेली. सहा माणसं बसली. सातव्या बापूकाकांचे ०४१८ मध्ये डोळे मिटलेत.

चेहरा पावणेदोनशे पिक्सेलचा, डोळा जेमतेम तेहतीस. ०४१२ मधले मऊ डोळे उचलून ०४१८ च्या धारदार चेहऱ्यावर ठेवून बघितले. मला ते झोपेतून उठवल्यासारखे दिसतात. हिला नेहमीसारखे दिसतात. दोघांचंही खरं असू शकतं.

तुझ्या बदलीचं कळलं, अभिनंदन म्हणायचं की नाही ते कळव. वहिनींना नमस्कार, चिनूला दहावीचे पेढे माझ्याकडून लागू.

पेनड्राइव्ह कुरिअरने सोडतोय. त्यात ०४१२, ०४१८ आणि माझी जोडलेली फाइल आहे, भिंतीचे फक्त ३५ चे चार ठेवलेत. जोडलेली शंभर टक्क्यांवर उघड, आधी शिवण शोध, मग डोळे बघ. छापायला गुरुवारी द्यायचंय. त्याच दुकानात आणखी एक १८-२०० आहे, बुधवारी बॅटरी भरून जातोय, ३५ वर एफ/५ ला समोरच्या टाकीचं शिखर चारी कोपऱ्यांत नेऊन बघेन, दहा मिनिटांचं काम. ती बरी निघाली तर बदलून आणतो. तुला नाही आवडणार, पण आणतो.

तुझाच,
पम्या

ता.क. डोळ्यांचं बुधवारी रात्रीपर्यंत कळव. फोन चालेल.